बर्फानं बांध कोरला: आल्प्समधल्या एका घराच्या हद्दीची केस

केस अशी आहे. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्यामधल्या डोंगरधारेवर, ३४८० मीटर उंचीवर, टेस्टा ग्रिजा नावाच्या शिखराला लागून गिर्यारोहकांसाठी मुक्कामाचं एक घर आहे. रिफ्युजो ग्विदे देल चेर्विनो. चेर्विनो म्हणजे आपण ज्याला मॅटरहॉर्न म्हणून ओळखतो तोच, चॉकलेटच्या पाकिटावर असायचा तो त्रिकोणी डोंगर, जवळच उभा आहे. हे घर १९८४ साली खडकावर बांधलं तेव्हा चाळीस बेड, जेवायची लांब लाकडी टेबलं, किचन, सगळं इटलीत होतं. त्यानंतर घर जागचं हललं नाही, कोणी भिंत पुढे घेतली नाही, शेड काढली नाही, काही नाही. तरी बॉर्डरचा नियम लावून मोजलं तर आता त्याचा दोन तृतीयांश भाग, त्यात बहुतेक बेड आणि रेस्टॉरंट आलं, स्वित्झर्लंडमध्ये पडतो.

मी ठाण्यात सर्व्हेचं काम करते, टोटल स्टेशन आणि डीजीपीएस घेऊन प्लॉट मोजत फिरायचं, आणि माझ्या नौपाड्याच्या ऑफिसात सकाळी पेपर वाचायला आबा येतात, ते जमीन मोजणी खात्यातून भूकरमापक म्हणून रिटायर झालेत, साखळी आणि आणे या जुन्या मापांच्या काळातला माणूस. त्यांना मी ही बातमी फोनवर दाखवली. चष्मा वर करून त्यांचा पहिला प्रश्न, ‘‘दगड कोणी हलवला?’’ म्हटलं, आबा, दगड कोणी नाही हलवला, बर्फ वितळला. ‘‘असं होय. मग बर्फानं बांध कोरला म्हण की.’’

बांध कोरणं म्हणजे काय ते शेती असलेल्या कुणालाही सांगायला नको, दरवर्षी नांगर एक वीत आत घालायचा आणि वीस वर्षांनी शेजाऱ्याचा एक गुंठा खाऊन बसायचं. इथे गंमत एवढीच की कोरणारा कोणी माणूस नाही, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला जमीन मिळाली. कसं ते सांगते, कारण या केसमधली खरी मजा तिथेच आहे आणि बातम्यांमध्ये ती एका ओळीत उरकतात.

या भागात बॉर्डर म्हणजे पाण्याची वाटणी. डोंगरावर पडलेलं पाणी जिथून दोन बाजूंना फुटतं ती रेघ, भूगोलाच्या पुस्तकातला जलविभाजक. आपल्याकडची कौलारू घरं आठवा. आढ्याच्या या बाजूला पडलेला थेंब पुढच्या वळचणीला जातो, त्या बाजूचा मागच्या. म्हणजे आढं हीच हद्द. टेस्टा ग्रिजाच्या आढ्यावर उत्तरेला गेलेलं पाणी झरमॅटच्या खोऱ्यातून मॅटर व्हिस्पा नदीला, तिथून रोन नदीला आणि जिनिव्हाच्या तळ्यातून फ्रान्स ओलांडून भूमध्य समुद्राला मिळतं. दक्षिणेला गेलेलं पाणी इटलीतल्या चेर्विनिया गावावरून मार्मोरे ओढ्यातून दोरा बाल्तेआला, मग पो नदीतून पार एड्रियाटिकला, व्हेनिसच्या बाजूला. दोन पावलांचा फरक आणि दोन वेगळे समुद्र.

हे आपल्याला नवीन नाही खरंतर. नाणेघाटात गेलेले ठाणेकर कितीतरी असतील, पण तिथे कठड्याशी उभं राहून हा विचार कमी जण करतात. जुन्नरच्या अंगाला पडलेला पाऊस कुकडी, घोड, भीमा, कृष्णा असा चालत चालत बंगालच्या उपसागराला जातो आणि मुरबाडच्या अंगाला पडलेला उल्हासला मिळून वसईच्या खाडीत. ठाणे आणि पुणे जिल्ह्याची हद्दही तिथे साधारण त्याच धारेनं जाते. मागच्या जूनमध्ये आम्ही सात-आठ जण गेलो होतो तेव्हा मी तिथे बाटलीतलं पाणी ओतून बघितलं, बरोबरच्या मुलांना दाखवायला म्हणून. सपाट कातळ होता, पाणी आधी नुसतंच पसरलं, मग एका बारीक भेगेतून जुन्नरकडे निघालं, आणि मी बाटली वीतभर अलीकडे धरली तर कोकणाकडे. मुलं हसली. पण मोजणीवाल्याला घाम फुटावा अशीच गोष्ट आहे ती, कारण धार लांबून कितीही चाकूसारखी दिसली तरी जवळ गेलं की ती सपाट, भेगाळलेली, दोन-तीन ठिकाणी आपण चुकू शकू अशी निघते.

आता या आढ्यावर गोधडी टाका. जाड, आणि तीही एका बाजूला जास्त ओढलेली. पाऊस पडला तर पाणी कुठून फुटेल? आढ्यावरून नाही, गोधडीचा जो सगळ्यात उंच फुगवटा आहे तिथून. थिओडूल ग्लेशियर, म्हणजे हिमनदी, ही ती गोधडी आणि ती स्विस बाजूला पसरलेली आहे. बर्फ जाड होता तेव्हा त्याचा फुगवटा खडकाच्या धारेपेक्षा उत्तरेला, म्हणजे स्वित्झर्लंडच्या बाजूला होता. त्या फुगवट्याच्या दक्षिणेला जे काही होतं त्याचा उतार इटलीकडे, म्हणून ते इटलीचं. १९७३ ते २०१० या काळात या ग्लेशियरचं जवळपास पाव वस्तुमान गेलं. गोधडी बसली, फुगवटा खाली आला आणि दक्षिणेला सरकत सरकत खालच्या खडकाच्या आढ्याकडे यायला लागला. ज्या उताराचं पाणी इटलीकडे जायचं ते आता स्वित्झर्लंडकडे जातं. म्हणजे बर्फ गेला स्वित्झर्लंडचा आणि जमीन वाढली पण स्वित्झर्लंडचीच, आणि ही सरकणारी रेघ नेमकी त्या घराच्या खालून निघाली. घर खडकावर पक्कं. रेघ चालती.

इथे कोणी म्हणेल की मग बॉर्डर कायमची ठोकून टाकायची ना, खांब पुरायचे आणि विषय संपवायचा. तसं बहुतेक ठिकाणी केलेलंच आहे. स्वित्झर्लंडची सगळी मिळून १९३५ किलोमीटरची बॉर्डर, त्यावर ७००० च्या वर हद्दीच्या खुणा आहेत आणि त्यांची देखभाल करायला त्यांच्या स्विसटोपो या नकाशा खात्यात स्वतंत्र माणसं आहेत (आबा हे ऐकून नुसतं ‘‘हं’’ म्हणाले, त्या ‘हं’मध्ये आमच्याकडच्या शिवेवरच्या दगडांचं काय झालं याची सगळी कहाणी होती). पण बर्फावर खांब पुरून काय होणार? ग्लेशियर म्हणजे गोठलेला तलाव नव्हे, तो वाहतो, हळू पण वाहतो. आज पुरलेला खांब काही वर्षांनी उतारावर खाली सापडेल, आडवा.

इटली-स्वित्झर्लंडची हद्द ज्या करारात नीट लिहून ठेवली तो १९४१ चा आहे, रुन दो शिखरापासून मोन दोलाँपर्यंत. मोन दोलाँला फ्रान्सचीही हद्द येऊन मिळते, आपल्याकडे तीन गावांच्या शिवा एका दगडाशी मिळतात तसं. त्यानंतर बर्फ जसा आटायला लागला तसं दोघांच्या लक्षात आलं की कागदावरची रेघ आणि डोंगरावरची धार यांच्यात फट पडतेय, म्हणून २००८-०९ मध्ये त्यांनी सरळ कबूल करून टाकलं की ग्लेशियर आणि कायमच्या बर्फावरून जाणारी हद्द ही चल हद्द असेल, धार हलली की तीही हलेल, आणि बर्फ पूर्ण गेला तर खाली जो खडक उघडा पडेल त्याच्या धारेनं जाईल. इटलीनं ऑस्ट्रियाबरोबरही असंच केलंय.

मला हा नियम आवडतो. प्रामाणिक आहे. आमच्या धंद्यात लोकांना वाटतं हद्द म्हणजे जमिनीवर कुठेतरी आधीपासून काढलेली रेघ असते आणि आम्ही फक्त मशीन लावून ती शोधतो, पण ‘पाण्याच्या वाटणीवरून’ असं करारात लिहिलं की रेघ कुठे आहे हे सांगितलेलंच नसतं, ती कशी काढायची एवढंच सांगितलेलं असतं. मग ती कुठे निघेल हे तुम्ही कुठल्या वर्षी मोजता त्यावर. १९८४ ला मोजणारा बरोबर होता आणि आज मोजणाराही बरोबर आहे. मोजणीच्या नकाशाच्या, आपल्या ‘क’ प्रतीच्या, कोपऱ्यात तारीख असते बघा, पक्षकार कधी बघत नाहीत. ते क्षेत्र बघतात आणि कंपाउंड कुठे येतं ते बघतात.

आणि धार सगळ्यात उंच शिखरांवरून जाते असंही समजू नका, हा घोळ तर राष्ट्रांनी घातलाय. आपलंच बघा, कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच, पण तिच्या उत्तरेचं पाणी दारणेला आणि दक्षिणेचं प्रवरेला, दोन्ही शेवटी गोदावरीलाच. म्हणजे मुख्य वाटणी तिच्यावरून जातच नाही, ती पश्चिमेला, कमी उंचीच्या कड्यांवरून जाते. हिमालयात तर सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा या सगळ्या उंच रांगेच्या पलीकडे तिबेटात उगम पावतात आणि रांग फोडून अलीकडे येतात. अर्जेंटिना आणि चिली यांनी १८८१ च्या करारात लिहिलं की हद्द अँडीजच्या पाणी विभागणाऱ्या सगळ्यात उंच शिखरांवरून जाईल. वाचायला छान वाटतं. पण दक्षिणेला पॅटागोनियात उंच शिखरं एकीकडे आणि पाण्याची वाटणी भलतीकडे, कितीतरी पूर्वेला, कारण हिमयुगातल्या ग्लेशियरनी आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगांनी नद्यांची तोंडं फिरवलेली. चिली म्हणे पाणी धरा, अर्जेंटिना म्हणे शिखरं धरा, ज्याला जे फायद्याचं ते. अर्जेंटिनाचे फ्रान्सिस्को मोरेनो यांनी तर १८९८ मध्ये माणसं लावून फेनिक्स नावाची नदी खोदून वळवून दाखवली, पॅसिफिकला जाणारं पाणी अटलांटिककडे, की बघा, ही तुमची नैसर्गिक हद्द कुदळ-फावड्यानं बदलते! शेवटी इंग्लंडच्या राजाकडे लवाद गेला, १९०२ मध्ये निवाडा झाला, आणि जागेवर जाऊन पाहणी करणारे होते कर्नल थॉमस होल्डिच, ज्यांची हयात सर्व्हे ऑफ इंडियात वायव्य सरहद्दीवर मोजणी करण्यात गेली होती. निवाड्यात ना पूर्ण पाणी ना पूर्ण शिखरं, मधून रेघ काढली. विषयांतर झालं, पण आबांना होल्डिचचं फार कौतुक वाटलं, ‘‘आपल्या खात्याचा माणूस’’ म्हणाले.

तर, परत टेस्टा ग्रिजा. अशी बर्फावरची हद्द दरवर्षी कुठे ना कुठे हलत असते आणि एरवी त्याचा कोणाला पत्ताही लागत नाही. दोन्हीकडचे सर्व्हेअर आपापली मापं समोरासमोर ठेवतात, जुळवतात, रेघ ठरते, मंत्र्यांपर्यंत विषयच जात नाही. एका बाजूचं थोडं गेलं तर दुसरीकडे तेवढंच क्षेत्र देऊन हिशेब सारखा करायचा अशी पद्धत. ओसाड बर्फ आहे, कोण भांडणार. भांडण कुठे सुरू झालं, तर जिथे बर्फाला लागून एक घर उभं होतं तिथे. वाद होता साधारण १०० मीटर लांबीच्या तुकड्याचा, आपल्या एका फलाटाच्या निम्म्यापेक्षा कमी. पण त्या तुकड्यावर छप्पर आहे, बेड आहेत, बिल फाडलं जातं, मग ते युरोत की फ्रँकमध्ये, कर कोणाला, परवाना कोणाचा. दोन्ही देश शेंगेनमध्ये असल्यामुळे तिथे पासपोर्ट कोणी बघत नाही, स्की करत लोक इकडून तिकडे जातात, पण स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, म्हणजे हद्द कागदावर जिवंत आहे. सर्वात जास्त त्रास कशाचा, तर घराची दुरुस्ती. रिनोव्हेशन करायचं ठरलं आणि परवानगी कोण देणार हेच ठरेना, कारण खालच्या दोन्ही बाजूंच्या गावांपैकी कोणीच ती देऊ शकत नव्हतं. हे वाचून मी मोठ्यानं हसले. आल्प्स असो नाहीतर वागळे इस्टेट, फाइल अडते ती परमिशनलाच.

शिवाय आजूबाजूला पैसा मोठा आहे. टेस्टा ग्रिजा हे चेर्विनियाकडून येणाऱ्या रोपवेचं वरचं टोक, आणि २०२३ च्या जुलैपासून तिथून स्विस बाजूच्या क्लाइन मॅटरहॉर्न या वेगळ्या शिखरापर्यंत, ३८८३ मीटरवर, नवा रोपवे सुरू झालाय, म्हणजे ग्लेशियरला पाय न लावता इटलीतून स्वित्झर्लंडात. जागा मोक्याची आहे, आणि होतीच, थिओडूल खिंडीतून माणसं फार पूर्वीपासून ये-जा करतात, तिथे रोमन नाणी सापडलीत. नाणेघाटातला तो दगडी रांजण जकातीचा होता असं सांगतात ना, तसंच, खिंड म्हटली की पाठोपाठ पैसा आलाच.

यात घर सांभाळणाऱ्याला सांगायला एक मुद्दा होता, की आम्ही कायम इटालियन, आमचा मेनू इटालियन, आमची वाइन इटालियन, कर आम्ही इटलीला भरतो. मोजणीच्या दृष्टीनं याला शून्य किंमत. वहिवाट म्हणून विचाराल तर भरपूर. आणि दुसरीकडे स्वित्झर्लंडची अडचण वेगळीच, घराचा भाग इटलीला सोडायचा म्हणजे हक्काचं क्षेत्र सोडायचं, त्या बदल्यात इटली देणार काय, आणखी एक बर्फाचा तुकडा? जो वीस वर्षांनी पाणी होऊन रोनमध्ये गेलेला असेल? २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्विस ग्लेशियरांचा मिळून दहा टक्के बर्फ गेला, अशा मालाची अदलाबदल कोण करेल.

२०१८ मध्ये बोलणी सुरू झाली. २०२१ च्या नोव्हेंबरात फ्लॉरेन्समध्ये तडजोड ठरली, पण स्विस सरकारची मंजुरी मिळेपर्यंत तपशील झाकून ठेवायचे असं ठरलं. घर इटलीतच राहील असं तिथल्या लोकांना सांगितल्याचं बातम्यांत आलं. २०२३ मध्ये दोघांच्या संयुक्त आयोगानं मसुदा पक्का केला, २७ सप्टेंबर २०२४ ला स्विस सरकारनं मंजुरी दिली, तेव्हा इटलीची प्रक्रिया चालू होती. स्विस बाजूनं त्यावेळी उघडपणे म्हटलं की रेघ दोघांचे आर्थिक हितसंबंध बघून आखलीय. पाणी बघून नाही! मला हे फार महत्त्वाचं वाटतं. एवढा सुंदर नियम केला की हद्द पाण्यानं ठरेल, आणि पहिल्यांदा पाण्यानं गैरसोयीचं उत्तर दिलं तेव्हा पाणी बाजूला ठेवून टेबलावर बसले. मी याला ढोंग म्हणणार नाही, उलट शहाणपणाच म्हणेन, कारण चल हद्द हा नियम रिकाम्या जमिनीसाठी आहे, राहत्या घराला तो लावला तर माणूस रात्री एका देशात झोपून सकाळी दुसऱ्या देशात उठेल.

याच्या नेमकं उलटं उदाहरण त्याच इटलीच्या दुसऱ्या टोकाला आहे, ऑस्ट्रियाच्या हद्दीवर. १९९१ च्या सप्टेंबरात दोन गिर्यारोहकांना ३२१० मीटरवर बर्फात माणसाचं प्रेत सापडलं, पाच हजार वर्षांहून जुनं निघालं, ओट्झी म्हणतात तो. आधी ऑस्ट्रियानं उचलून नेला. मग मोजणी झाली. १९१९ च्या सेंट जर्मेनच्या करारानंतर तिथे पाण्याच्या वाटणीवरून हद्द आखली तेव्हा त्या खिंडीवर भरपूर बर्फ होता, धार नीट दिसतच नव्हती, म्हणून अंदाजानं रेघ काढलेली. आज तिथलं पाणी बघितलं तर ते ऑस्ट्रियाच्या बाजूला उतरतं. पण तिथे जुनी आखलेली रेघच धरली आणि ओट्झी ९२.५६ मीटरनं इटलीत निघाला. तिथे कागद जिंकला, पाणी हरलं. छप्पन्न सेंटिमीटरपर्यंत मोजलंय हे वाचून आबा खूश. ‘‘मयताची मोजणी अशीच पाहिजे,’’ म्हणाले, ‘‘वारस भांडतात नंतर.’’

हे सगळं मी एवढं धरून का बसले, तर माझ्या टेबलावर त्याच आठवड्यात घोडबंदर रोडची एक फाइल होती. येऊरच्या डोंगरातून येणारा नाला, त्याच्या दोन बाजूंना दोन सोसायट्या, दोघांच्याही कागदात चतुःसीमेत ‘नाला’ एवढाच शब्द. कुणीतरी कधीतरी काँक्रिट घालून तो नाला सरळ करून टाकला, जुनं वळण बुजलं, आणि त्या बुजलेल्या वळणावर आता चार गाड्या उभ्या राहतात. एक सोसायटी म्हणते नाला हीच हद्द, नाला आज जिथे आहे तिथे. दुसरी म्हणते जुना नाला. नदी हळूहळू सरकली तर हद्द तिच्याबरोबर सरकते आणि एकदम पात्र बदललं तर जुन्या जागीच राहते, असं राष्ट्रांच्या हद्दींबाबत मानतात, हे मी मीटिंगमध्ये सांगितलं, तर एक काका म्हणाले, ‘‘मॅडम, ते राष्ट्रांचं राहू द्या, आमच्या चार गाड्यांचं बोला.’’

तर बोलले. जुन्या गाव नकाशावरून वळण उचललं, आजच्या मोजणीवर बसवलं, दोन्ही रेघा दोन रंगांत एका कागदावर काढल्या आणि मध्ये टेबलावर ठेवल्या. दीड तास भांडण झालं, त्यात पाऊण तास तर कोणाच्या पावसाळी पाण्यानं कोणाचा पंप भिजला यावर. मग चहा आला. मग दोन गाड्या यांच्या, दोन त्यांच्या असं ठरलं, जी रेघ ना जुन्या नाल्यावर आहे ना नव्या.

रविवारी सकाळी आबा आणि मी जाऊन नाल्याच्या काँक्रिटच्या भिंतीवर लाल रंगानं तीन फुल्या मारल्या. दोन्हीकडचे सेक्रेटरी उभे होते, एकानं फोटो काढला. मी डबा बंद करत होते तर आबा मागून म्हणाले, ‘‘अगं, तारीख टाक खाली.’’ परत ब्रश काढला आणि टाकली.